सपाट वाचा

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखाली गाडलेल्या.
अशा गावात मी आवाजावर पोट भरतो.
परदेशी कार्यक्रम इथे एकच माणूस वाचून दाखवतो:
नवरा, बायको, न्यायाधीश, खुनी,
कुत्र्याला हाका मारणारं पोर,
सगळ्यांचं पोलिशमध्ये, एकट्यानं,
मूळ आवाज खाली बारीक चालू ठेवून.
अभिनय करायचा नाही.
इस्त्री केलेल्या चादरीसारखं बोलायचं.
बत्तीस वर्षं झाली.

सध्या एक बंगला वाचतोय.
बेटावरचा बंगला, बारा जण कोंडलेले, सत्तर कॅमेरे.
आज पान चौदा:
डुक्कर. तू डुक्कर. तुझी आई. ढेकर. हा हा.
ढेकर वाचायचा नसतो, एवढं बरं.
मग एक जण दुसऱ्याच्या बुटात ओकतो
आणि कुठलीशी माणसं खदखदतात.
ते हसू कधीचं भरून ठेवलेलं,
आंबवलेल्या कोबीसारखं, बरणीतून काढतात
लागेल तेवढं.

शिवीशी माझं वैर नाही.
बाबा ट्रामच्या डेपोत फिटर.
हातोडा अंगठ्यावर बसला की अशी एक सोडायचे
की छपरातली कबुतरं उडायची,
आणि मग आठवडाभर काही नाही.
या शिव्या मोजून येतात, बारा सेकंदांना एक,
कोणाच्याच अंगठ्याला काही न होता.

पूर्वी एकदा एक म्हातारा मच्छीमार वाचला होता.
दार उघडून तो उभा. एक्केचाळीस सेकंद.
कागदावर फक्त: वारा.
मी श्वास धरून बसलो.
काचेपलीकडे व्हांदाच्या बोटात सिगारेट जळत राहिली,
राख तिच्या स्कर्टवर.
गप्प राहिल्याचेही पैसे मिळत तेव्हा,
आणि मी ते कष्टाने कमावले.

मंगळवारी, पान एकोणतीस.
लोरेल नावाच्या मुलीच्या डोक्यावर ते सूप ओततात.
बरणी उघडते.
त्या गलक्याखाली ती म्हणते, मला घरी जायचंय.
मी वाचलं,
आणि पुढची ओळ मला सापडेना.
दीड सेकंद, जास्त नाही.
काचेपलीकडून कायेतान, वय सव्वीस:
पुन्हा घेऊ. सपाट वाचा.
चांगला मुलगा आहे. बायकोला दिवस गेलेत, घराचे हप्ते आहेत.
मी सपाट वाचलं. तेच गेलं.

खालच्या मजल्यावर अपोलोनियाबाई.
डोळे गेल्याला नऊ वर्षं.
टीव्ही त्यांना माझ्याच आवाजात दिसतो.
लाज वाटते ती कार्यक्रमाची नाही, तो कोणी दुसराच बनवतो.
त्यांच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना,
तुझी आई
हे माझ्या तोंडून ऐकू येतं, त्याची.

परवा जिन्यात गाठलंच त्यांनी.
एका हातात पिशवी, दुसऱ्याची बोटं कठड्यावर.
मी टोपी काढली. त्यांना दिसणार नव्हतं, तरी.
वाटलं, आता काढतील विषय.
"ती पोर," म्हणाल्या, "गेली का रे घरी?"

पुढचे सात भाग मी वाचून बसलोय.
तिचं नाव कुठेच नाही.
कोणी विचारतही नाही.
तिच्या पलंगावर आता एक नवा आलाय,
त्याला गाढवासारखं ओरडता येतं.

"गेली," म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी.
वडील न्यायला आले होते."

या हंगामात कागदावर नसलेलं
मी बोललो ते एवढंच.
आवाज जरा वर गेला होता शेवटी,
कायेतानने पुन्हा घ्यायला लावला असता.

"बरं झालं," म्हणाल्या बाई,
आणि पिशवीत किल्ली शोधत राहिल्या,
बराच वेळ.
मी थांबलो. काही वाचायचं नव्हतं.